गेरूची चौकट

१५ सप्टेंबर २००९. घट बसायला चार दिवस होते आणि मी पुढच्या खोलीला चुना देत होते. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजत घातला होता. तो बादलीत खदखदला, निवला. मग त्यात चिमूटभर नीळ आणि भिजवलेला डिंक. डिंक विसरला तर टेकणाऱ्याच्या पाठीवर भिंत उमटते. शेजारच्या सूनबाई दारातून म्हणाल्या, "काकू, मंचरात आता चुना कोण मारतंय? ऑइलपेंट द्या. दहा वर्षं भिंतीकडं बघायला नको."

मी म्हटलं, "दहा वर्षं न बघून काय करू? हात रिकामे राहतील."

खरं कारण दारामागे आहे. दार उघडं असलं की ते भिंतीला टेकतं आणि त्याच्यामागचा हातभर कोपरा कोणाला दिसत नाही. तो कोपरा मी दरवर्षी चुन्यातून सोडते. तिथं गेरूने काढलेल्या लहान लहान चौकटी आहेत, एकीवर एक, गुडघ्यापासून माझ्या खांद्यापर्यंत. कुंचा तिथवर आला की मी हात आवरते आणि कडेकडेने फिरवते. त्या दिवशी फिरवताना हात थांबला. चुना वाळायला लागला की खोलीत एक धूसर उजेड भरतो, पहाटे धरणाच्या पाण्यावर असतो तसा. त्या उजेडात खालून चौथ्या चौकटीतले अंक कालच काढल्यासारखे दिसत होते. बारीक, एका उंचीचे, रेघेला न चिकटलेले. ते कमलचे.

मला स्वप्नं पडत नाहीत. पडली तरी पहाटे नळाला पाणी येतं तेवढ्यात विसरतात. पण मी बराच वेळ तशीच उभी राहिले असणार, कारण बादलीकडे पाहिलं तेव्हा चुना तळाशी बसला होता आणि वर नितळ पाणी आलं होतं.

ही चौकट काय ते आधी सांगायला हवं.

माझं काम सार्वजनिक आरोग्याचं. असं म्हटलं की लोक दवाखाना समजतात. दवाखाना आजारी माणसाची वाट बघत बसतो. आम्ही माणूस आजारी पडायच्या आधी त्याच्या घरी जातो. कोणाला ताप आहे का विचारायचं. असला तर बोटाला टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. पिण्याच्या हंड्यात औषध टाकायचं. कोण बाई कितव्या महिन्यात आहे, कोणत्या पोराची कोणती लस राहिली आहे ते वहीत लिहायचं आणि पुढच्या घरी जायचं. माणूस बरा झाला तर डॉक्टरला नारळ मिळतो. माणूस आजारीच पडला नाही तर कोणाला काही मिळत नाही, आणि तेच आमचं यश. मी आधी नर्सबाई म्हणून जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगराकडच्या गावांत फिरले. नंतर एका संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात आरोग्य कार्यकर्त्यांच्या तुकड्यांना शिकवलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी ऐकायचं बंद केलं, तेव्हा सोडलं.

तर चौकट. घरी जाऊन आलो याची खूण म्हणून दाराजवळच्या भिंतीवर गेरूने काढायची. तिला तीन रकाने. पहिल्यात भेटीची तारीख, दुसऱ्यात भेट देणाऱ्याची आद्याक्षरं. तिसरा रकाना तपासायला येणाऱ्याचा: त्याने यायचं, खूण बघायची, घरच्यांशी बोलायचं आणि आपली आद्याक्षरं टाकायची. वही खोटं बोलू शकते. चिंचेच्या झाडाखाली बसून सबंध गावाची वही भरता येते. मी भरलेली पाहिली आहे. म्हणून प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी मी माझ्या घरी आणत असे, दारामागे एकाकडून चौकट काढून घेत असे आणि सांगत असे, "वहीवर मी विश्वास ठेवत नाही. भिंत खोटं बोलत नाही." वाक्य मुलांच्या लक्षात राहायचं. माझ्याही राहिलं, नको तितकं.

शिकवणं सोपं होतं. अवघड प्रश्न वर्षाच्या शेवटी यायचा: "बाई, पुढं काय?" सरकारी जागा कधी निघतील ते कोणालाच माहीत नसायचं, आणि मुलींच्या घरी स्थळं मात्र तयार असायची. म्हणून आम्ही नवरात्रात केंद्राच्या अंगणात संधी मेळावा सुरू केला. मांडव घालायचा, टेबलं मांडायची. एका टेबलाला साखर कारखान्याचा माणूस, एकाला नगरपालिकेचा, एकाला पुण्याहून आलेली एखादी संस्था. विद्यार्थ्यांनी तक्ते लावायचे, हगवणीवर पथनाट्य करायचं आणि तोंडावरचा रंग पुसून मुलाखतीला बसायचं. जुलाबाने मेलेला मुलगा दहा मिनिटांनी साखर कारखान्याच्या टेबलासमोर ताठ बसलेला असायचा.

येणारे मालकही नमुनेदार. पहिल्या वर्षी एक दूधवाले आले. त्यांनी एका मुलाला विचारलं, "इंजेक्शन देता येतं का?" तो म्हणाला, येतं. "बरं. लाथ चुकवता येती का?" त्यांना गोठ्यासाठी माणूस हवा होता. मुलगा विचारात पडला. जागा पक्की होती आणि दूध फुकट होतं.

अवसरीचे एक बागायतदार आप्पा सलग तीन वर्षं आले. कडक टोपी, खिशात मुलाचा फोटो. कुठल्या टेबलाला बसायचे नाहीत. मागे उभं राहून मुलींची उत्तरं ऐकायचे. तिसऱ्या वर्षी मी हटकलं. "आप्पा, हा नोकरीचा मेळावा आहे."

"ठावं हाय की," ते म्हणाले. "मला नोकरीचीच सून पायजे. मंग ती नोकरी मागती तिथंच बघावी. कांदेपोह्याला समद्याच गरीब गाय असत्यात, बाई. हितं खरं काय ते कळतं."

त्यांचं म्हणणं मला पटलं. तरी मांडवाबाहेर काढलं.

हे सगळं आठवायला मजा वाटते. पण त्या मांडवाचं नाव काढलं की मला प्रथम दिसते ती कमल, चहाच्या टेबलामागे उभी असलेली.

कमल १९९९ च्या तुकडीतली. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातली मुलगी, बाजरीच्या रानातली, आणि क्षेत्रकामाला तिच्या वाट्याला आली पार पश्चिमेची डोंगरातली वाडी, आहुप्याच्या अलीकडची. बाराच घरं, पण एसटीतून उतरल्यावर अर्धा तास चढ. इतर मुलांनी अशा वाड्या बदलून मागितल्या. तिने मागितली नाही. बोलायची कमी. रक्ताचा थेंब काचेवर पसरायला हात हलका लागतो. तो वर्गात तिच्याइतका कोणाचा नव्हता.

त्या वर्षी मेळाव्याला लहान मुलांच्या आरोग्यावर काम करणारी पुण्याची एक संस्था येणार होती. जागा एकच. निवडलेल्याला वर्षभर शहरात पुढचं शिक्षण आणि मग पर्यवेक्षकाचं काम. आमच्या केंद्रातून अशी वाट पहिल्यांदाच उघडत होती. अट होती ती क्षेत्रकामाच्या स्वच्छ प्रमाणपत्राची आणि त्यावर सही माझी. मी कमलला बोलावून सांगितलं, "ती जागा तुझीच समज."

ती म्हणाली, "वडील म्हनलेत, दसऱ्यापातूर थांबतो. नोकरी लागली तर लागली. मंग लगनाला न्हाई थांबायचे, बाई."

घट बसायच्या तीन दिवस आधी मी तिची वाडी तपासायला गेले.

ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते, आणि तरी कोणी शपथ घालून विचारलं तर मी ती पाहिली की कल्पिली, ते सांगता येणार नाही. घोडेगावहून आहुप्याची एसटी. डिंभ्याच्या पुढं धरणाचं पाणी दिसायला हवं होतं. दिसत होतं ते फक्त पांढरं काहीतरी, ज्यातून एखादं झाड वर यायचं आणि पुन्हा बुडायचं. गाडीत सगळे पेंगत होते. कंडक्टरने मला फाट्यावर उतरवलं आणि गाडी जरा पुढे जाऊन नाहीशी झाली. आवाज तेवढा बराच वेळ राहिला. पायवाट चार पावलं दिसायची, पाचवं पाऊल भरवशावर. खाचरांतून पाणी वाजत होतं. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, त्यांचा दुधाळ वास. मग एकाएकी घरं. बारा घरं, आणि बाराही पांढरी. धुकं कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते ते हात लावल्याशिवाय कळेना. मी थांबले आणि मनात म्हटलं, किती छान दिसतंय. ओल्या मातीचा, चुन्याचा वास होता. एका ओट्यावर कुंचा वाळत ठेवला होता.

मग मी कामाला लागले. पहिल्या घराच्या दाराजवळ चौकट नाही. दुसऱ्या घराला नाही. बारापैकी एकाही घराला नाही.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही.

वाडीतली बहुतेक माणसं घोडेगावच्या बाजाराला गेली होती. एका घरात धोंडाबाई नावाची म्हातारी चुलीजवळ बसली होती. तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांचा नातू झोपला होता.

"आजी, केंद्रातली मुलगी येते का?"

"येत्यात की."

"कमल नावाची? सावळी, लांब वेणी?"

"नाव कोन इचारतंय. येत्यात, टोचत्यात, जात्यात. तू बी टोचनार का?"

"नाही. शेवटची कधी आली होती?"

"पाऊस व्हता तवा."

तिथं जूनपासून पाऊस असतो. मी वहीत लिहिलं: भेटी झाल्याचे आढळून येत नाही. बारा घरं, बारा वेळा.

दुसऱ्या दिवशी कमलला खोलीत बोलावलं. तिला बस म्हटलं नाही.

"वाडीला गेली नाहीस तू."

"गेले व्हते, बाई. दर पंधरवड्याला गेले."

"भिंतीवर काही नाही."

ती म्हणाली, "चौकटी काढल्या व्हत्या मी."

"मग गेल्या कुठं?"

"ते मला न्हाई सांगता यायचं."

"पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? भिंत खोटं बोलत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या बघण्यात, विनवणीही नव्हती. एखाद्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघावं, तशी ती माझ्याकडे बघत होती. "व्हय, बाई," ती म्हणाली आणि गेली.

मुलाखतीच्या यादीतून मी तिचं नाव काढलं. मेळाव्यात प्रत्येकाला काहीतरी काम द्यायची आमची पद्धत होती. तिला चहाचं टेबल दिलं.

पुण्याच्या संस्थेसमोर नसीम बसली. ती तुकडीत दुसरी होती, जुन्नरची. तिचे वडील फळांचे व्यापारी, आणि तेही शेजारी खुर्ची ओढून बसले. पुण्याच्या बाईंनी विचारलं, "रोज पुष्कळ चालावं लागेल. चालेल?"

"चालती ना, मॅडम," वडील म्हणाले. "लहानपनापासून चालती."

"गरोदर बाई लोहाच्या गोळ्या घ्यायला तयार नसेल तर काय सांगाल?"

वडिलांनी घसा साफ केला. नसीम त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अब्बा, तुम्हाला ही नोकरी लागली तर डाळिंबं कोण विकणार?"

सगळे हसले, तेही हसले, आणि उठून चहाच्या टेबलाकडे गेले. कमलने त्यांना कप भरून दिला. जागा नसीमला मिळाली. ती लायक होती; आज ती मोठ्या जबाबदारीवर आहे आणि मला तिचा अभिमान आहे. हेही लिहिलं पाहिजे. मांडव उतरवताना ती माझ्याजवळ आली. "बाई, कमल खोटं नाही बोलत."

मी म्हटलं, "तू तुझं बघ."

दसरा झाला. तुकडी पांगली. त्यानंतर एकदा मी रक्ताच्या पट्ट्यांचे निकाल आणायला प्रयोगशाळेत गेले. डोंगराकडून आलेल्या पट्ट्या तपासून व्हायला तेव्हा वेळ लागायचा. तिथले गायकवाड सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता म्हणाले, "बाई, एक हिवताप सापडला. आहुप्याकडच्या वाडीतलं पोरगं. बरं झालं पट्टी चांगली व्हती. ह्या मुलीच्या पट्ट्या बघत बसाव्याशा वाटत्यात राव."

पट्टीसोबतच्या चिठ्ठीवर बारीक, एका उंचीचे अंक होते. तारीख माझ्या तपासणीच्या आधीची. घर धोंडाबाईचं.

आमच्या माणसाने वाडीवर जाऊन त्या पोराला औषध दिलं आणि ते बरं झालं. मी घरी आले, चपला काढल्या आणि दार लावलं. दारामागचा कोपरा समोर आला. दोन-तीन आठवड्यांपूर्वीच, घट बसायच्या आधी, मी खोलीला चुना दिला होता. कोपरा सोडून. कुंचा कडेकडेने फिरवून. चुना दिला की चौकट जाते, हे माझ्या हाताला पाठ होतं. दर वर्षी आठवणीने मी माझी भिंत वाचवत होते. त्याच आठवड्यात सगळा तालुका घरं सारवतो, रंगवतो; पश्चिमेच्या आहुप्यापासून पूर्वेच्या लोणीपर्यंत एक भिंत सुटत नाही. मी त्या वाडीत उभी राहिले, ओल्या चुन्याचा वास घेतला, छान दिसतंय म्हटलं, आणि मुलीला खोटं ठरवून खाली आले.

मग मी काय केलं? नवीन प्रमाणपत्र टाइप केलं. सोबत एक ओळ: सुधारित प्रमाणपत्र जोडले आहे, पोच द्यावी. पाकिटावर तिकीट लावलं आणि टपालात टाकलं. तिच्या गावाला गेले नाही. कामं होती, कामं नेहमीच असतात. पोच आली नाही. मार्गशीर्षात तिचं लग्न होऊन ती लोणीला गेल्याचं नसीमकडून कळलं. पुढे कधीतरी कळलं की ती तिथं आशा झाली, म्हणजे गावातच राहून घरोघर जाणारी आरोग्य कार्यकर्ती. पुढच्या तुकडीपासून मी तपासणी श्रावणात घ्यायला लागले. वाक्य मात्र तेच ठेवलं. चांगलं वाक्य सोडवत नाही.

तर परवाच्या चुन्याकडे परत. फळीवर डब्याखाली आठ दिवस एक पाकीट पडून होतं. केंद्राचं. या वर्षीच्या मेळाव्याचं आमंत्रण, आणि विचारणा: तुमच्या सुटलेल्या जागेवर क्षेत्रकाम शिकवायला कोणी सुचवाल का? केंद्राची पदविका आणि गावातला अनुभव हवा. अर्जाचा नमुना सोबत, शिफारस करणाऱ्याच्या सहीसाठी खाली रेघ. मी तीन नावं मनाशी ठरवली होती. तिन्ही बरी होती. चौथं नाव मनात येत नव्हतं असं नाही. पण ते लिहायचं तर आधी लोणीला जाऊन एक गोष्ट तोंडाने बोलावी लागणार होती, आणि टपालाने ती एकदा पाठवून झाली होती.

मी चुना ढवळला. उरलेली भिंत संपवली, कोपरा सोडून. कुंचा धुतला, फरशी पुसली, पाकीट पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणीची पहिली एसटी पकडली. त्या बाजूला धुकं नसतं. सकाळीच ऊन पसरलेलं, दोन्हीकडे बाजरीची कणसं, त्यांच्यावर पाखरांचे थवे उठायचे आणि तसेच परत बसायचे. गाडीच्या हेलकाव्यात माझा डोळा लागला असावा. एकदा वाटलं की आपण वरच्या वाडीलाच चाललो आहोत आणि या वेळी घरं रंगवलेली नाहीत.

कमल अंगणात होती. अंगाने भरली आहे, केसांत पांढरं आलं आहे, खांद्याला औषधांची पिशवी. घराला चुना देऊन एक दिवस झाला असेल.

"बाई? तुमी? आन् ह्या येळंला?"

"तुझ्याकडेच आले."

तिने तांब्या दिला. मी बसले नाही. म्हटलं, "कमल, वाडीतल्या भिंती रंगवल्या होत्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू गेली होतीस. चूक माझी होती."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"पत्रात मी लिहायला पाहिजे होतं."

"पत्रात काय बी नव्हतं, बाई." ती चुलीकडे वळली, आधण ठेवलं. "तुमी मला बोलवलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वर गेले व्हते. बघती तर समदं पांढरं. मंग पुन्हा बारा घरं केली. पुन्हा चौकटी काढल्या. ओल्या चुन्याव गेरू धरंना, तर धोंडाबाईनं चुलीतला कोळसा दिला."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"भिंत खोटं बोलत न्हाई म्हनला व्हता तुमी. म्हनलं, तीच सांगल. मेळाव्याला तीन दिस बाकी व्हते. वाटलं, बाई एकदा वर येऊन बघतील." तिने चहात साखर टाकली. "तुमी आलाच न्हाई."

तिने हे बोलताना आवाज चढवला नाही. मी तांब्यातलं पाणी प्यायले. मग पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं आणि जागेचं सांगितलं. तिने नमुना दोनदा वाचला, तिच्या पद्धतीने, बोट न फिरवता.

"घरी इचारते असं न्हाई म्हनत. भरते," ती म्हणाली. "पर एक आधीच सांगते. मेळाव्याला चहाच्या टेबलाव उभी राहनार न्हाई."

"चहा मी देईन," मी म्हटलं.

"गुडघे चालत्यात का तुमचे? मला आज शेवटच्या आळीला जायाचंय."

आम्ही गेलो. घर मोठं होतं, नवी सून बाळंतीण होती. कमलने बाळाला काट्याच्या झोळीत घालून वजन केलं, पाण्याचा हंडा पाहिला, सासूला दोन गोष्टी सुनावल्या. माझी नजर सवयीने दाराशेजारच्या भिंतीवर गेली. भिंत कोरी, पांढरी, निळीची झाक असलेली.

कमलने ते पाहिलं. तिने दार आतून ओढून घेतलं. दाराच्या फळीवर, पाठीमागच्या बाजूला, गेरूची चौकट होती. तारखांची रांग दोन वर्षांची, आणि शेजारी तिची आद्याक्षरं.

"दाराला चुना कुनी मारत न्हाई, बाई," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी भिंत शिकवली. दार माझ्या घरात त्या भिंतीलाच टेकलेलं होतं.

चौकटीला तिसरा रकानाही होता. तो वरपासून खालपर्यंत रिकामा. "हे कोण तपासतं?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. काढायची म्हनून काढते."

तिने त्या दिवशीची भेट टाकली तेव्हा मी तिच्याकडून गेरूचा खडा मागून घेतला. त्या दिवशीच्या तारखेसमोर, तिसऱ्या रकान्यात, माझी आद्याक्षरं लिहिली. वरच्या जागा रिकाम्याच ठेवल्या. त्या भेटी मी तपासल्या नव्हत्या.